उघडे पुस्तक आणि आपला वायरमन

अमेरिकेच्या अनेक राज्यांत वीजकामाच्या परवान्याची परीक्षा पुस्तक समोर ठेवून देता येते. पुस्तक म्हणजे तेथील राष्ट्रीय वीज संहिता. ती १८९७ साली प्रथम निघाली व आता दर तीन वर्षांनी सुधारली जाते. आपल्या तरुणांना वाटेल, पुस्तक हाती असल्यावर अभ्यास कशाला? नेमकी येथेच फसगत होते.

एका प्रश्नाला मिळतात साधारण तीन-चार मिनिटे आणि संहिता जाडजूड. अर्थिंगचे नियम कलम २५० मध्ये, तार किती करंट पेलते ते ३१० मध्ये, मोटारीचे ४३० मध्ये, हे ज्याच्या बोटांना ठाऊक तोच पास होतो. म्हणून तेथील उमेदवार संहिता पाठ करत बसत नाही. सूचीतून नेमक्या कलमावर पोहोचण्याचा सराव तो घड्याळ लावून करतो.

आम्हा वकिलांना हे नवे नाही. २०११ साली अखिल भारतीय बार परीक्षा सुरू झाली तेव्हा पुस्तके नेण्यास मुभा होती. तरीही नापास होणारे होतेच. पुस्तक त्यांच्या हातात होते, परंतु ओळखीचे नव्हते.

आपल्या वस्त्यांत वायरिंग करणारी, मोटार भरणारी कितीतरी मुले आहेत. हातात कसब आहे, कागद नाही. किरकोळ दुरुस्ती सोडली तर वीजकाम परवानाधारक ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्याच्या देखरेखीखाली करावे, असे १९५६ च्या भारतीय वीज नियमांतही होते. प्रत्यक्षात तार ओढतो आपला मुलगा आणि सही असते दुसऱ्याची. तो शॉक लागून दगावला की ठेकेदार म्हणतो, हा आमचा माणूसच नव्हे! मग त्याची आई एखादा कागद मिळतो का म्हणून घर धुंडाळते. अशा माता आम्ही आमच्या टेबलासमोर बसलेल्या पाहिल्या आहेत.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते, तेव्हा वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकाला हात लावू दिला नाही, त्या समाजाच्या मुलाने विजेला हात लावावा आणि तिच्या नियमाचे पुस्तक मात्र परक्याकडे राहावे, हे आपण किती काळ चालू देणार?

वर्षावासात आपण विहारात तीन महिने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतो. त्याच सतरंजीवर रविवारी दोन तास या मुलांना बसवावे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियम राजपत्रात प्रसिद्ध आहेत. त्यांची प्रत विहारात ठेवावी. एकाने प्रश्न विचारावा, बाकीच्यांनी घड्याळ लावून नियम शोधावा. वीज खात्यातून निवृत्त झालेल्या समाजबांधवांनी शिकवावे. इंग्रजी अडले तर अर्थ सांगायला आम्ही वकील येऊ. परवान्याची परीक्षा पुस्तक उघडून असो वा मिटून, अशा तयारीने गेलेला मुलगा अडणार नाही. पुढच्या कामावर सही त्याची स्वतःची असेल.

जयभीम!