पोटदुखी, औषध आणि यकृत : एका विसरलेल्या प्रश्नाचा इतिहास

१/ २०१९ मध्ये शासकीय समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. उचल, खाडा आणि मुकादम यांची चर्चा झाली. परंतु कारण न शोधता पोटदुखीवर शस्त्र चालवण्याच्या वृत्तीचाही विचार व्हायला हवा. त्यासाठी एका आनुवंशिक आजाराचा इतिहास उद्बोधक आहे.

२/ १८८८ मध्ये सल्फोनाल हे झोपेचे औषध प्रचारात आले. पुढच्याच वर्षी डच वैद्य स्टॉकव्हिस यांनी एका स्त्रीची नोंद केली : औषधानंतर तिची लघवी गडद लाल झाली आणि ती दगावली.

३/ असे का होते? औषधांचा निचरा करणाऱ्या यकृतातील अनेक एन्झाइमांना ‘हीम’ लागते. बार्बिट्युरेटसारखी औषधे ही एन्झाइमे वाढवतात, त्यामुळे हीमची मागणी वाढते. हीम घडवणाऱ्या साखळीतील एक एन्झाइम जन्मतःच अपुरे असेल, तर अर्धवट घटक साचतात. मग पोटात असह्य कळा, भ्रम, प्रसंगी पक्षाघात. हाच तीव्र पॉर्फिरिया. दीर्घ उपवासानेही तो उसळतो. त्याचे झटके तरुण स्त्रियांत अधिक, बहुधा पाळीच्या सुमारास येतात.

४/ दक्षिण आफ्रिकेत १६८८ मध्ये विवाहबद्ध झालेल्या एका डच दांपत्याचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या हा दोष वागवत होते. विसाव्या शतकात बार्बिट्युरेट आणि थायोपेन्टोनची भूल आली, तेव्हा तो अनेकांच्या जिवावर बेतला. डॉ. जेफ्री डीन यांनी वंशावळी जुळवून हे कोडे उलगडले.

५/ तरीही पॉर्फिरिया म्हटले की चर्चा होते ती इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जच्या वेडाची. १९६६ मध्ये मांडलेले ते निदान आज वादग्रस्त आहे. राजाच्या वेडापेक्षा त्या अनाम स्त्रीची लघवी अधिक मोलाचा पुरावा आहे.

६/ बीडच्या महिलांना हा आजार होता, असे येथे सुचवायचे नाही. तो दुर्मीळच आहे. मात्र त्याने शिकवलेले प्रश्न प्रत्येक पोटदुखीला लागू पडतात : कोणते औषध घेतले? घरात आणखी कोणाला असे होते का? पॉर्फिरियाची शंका आल्यास झटक्याच्या वेळी लघवीची एक तपासणी दिशा दाखवते. कोयता खाली ठेवून दवाखान्यात आलेल्या बाईला हे प्रश्न विचारले जाणे, हा तिचा हक्क आहे. शस्त्रक्रिया त्यानंतरची गोष्ट.