व्होल्ट वाढवून गाडी पळते, पण किती दिवस?

गेल्या दिवाळीत आमच्या भाच्याने विजेवरच्या स्कूटरला पाचवी बॅटरी बसवून घेतली. गाडी 48 व्होल्टची, म्हणजे 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्यांची. ‘‘मामा, बघा आता कशी पळतीय!’’ म्हणाला. पळालीही. तिसऱ्या दिवशी कंट्रोलर जळाला आणि दुधाच्या कॅनसकट गाडी ढकलत घरी आणावी लागली. गॅरेजवाला म्हणतो, मालच हलका होता. आमच्या मते माल ठीक होता, हिशेब चुकला होता.

विहिरीवरच्या मोटारीचा अनुभव प्रत्येक शेतकऱ्याला आहे. लाइट कमी दाबाने आली की मोटार घुमते, जास्त अँपिअर ओढते आणि वायंडिंग जळते. त्यामुळे कमी व्होल्टेज वाईट, जास्त मिळाले तर बरेच, असे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. चाकातच बसवलेल्या हब मोटारीचे गणित निराळे आहे. तिला व्होल्ट कमी मिळाले तर ती सावकाश फिरते. जास्त मिळाले तर त्याच प्रमाणात जोरात फिरते. चारच्या जागी पाच बॅटऱ्या म्हणजे वेग जवळजवळ सव्वापट. मोह होतो तो इथेच.

मोटार हा जादा दाब काही काळ सोसते. कंट्रोलर सोसत नाही. 48 व्होल्टच्या अनेक कंट्रोलरमधले कपॅसिटर 63 व्होल्टचे असतात. 12 व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरली की 13 च्या जवळ जाते. पाच बॅटऱ्यांचे झाले 64-65. मग कपॅसिटर फुटला तर नवल काय? लिथियमचेही तसेच. 48 व्होल्ट म्हणून मिळणारा 13 सेलचा पॅक पूर्ण भरल्यावर 54.6 व्होल्ट दाखवतो, तर 16 सेलचा लिथियम-फॉस्फेटचा पॅक 58.4 पर्यंत चढतो. तेव्हा जोडी जुळवताना बॅटरीवर छापलेला आकडा पाहून भागत नाही, पूर्ण भरल्यावरचा आकडा विचारावा लागतो.

काही जण म्हणतात, त्र्यंबक-इगतपुरीकडे चढ आहेत, ओझे आहे, म्हणून व्होल्ट वाढवतो. पण चढावर लागणारा जोर अँपिअरमधून येतो. आणि अँपिअर दुप्पट झाले की वायंडिंगची उष्णता चौपट होते. ओझेच वाहायचे असेल तर त्या कामाची मोठी मोटार घ्यावी. बैल बारका असेल तर चाबूक वाढवून नांगर चालत नाही.

सगळ्यात मोठा धोका चार्जरचा. 48 चा चार्जर 60 च्या संचाला पुरत नाही, आणि लेड-अ‍ॅसिडचा चार्जर लिथियमला लावणे म्हणजे घरात आग पेरणे. सप्टेंबर 2022 मध्ये वसईला घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचे मूल दगावले. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे कडक नियम डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. पण गॅरेजमध्ये जोडलेल्या पाचव्या बॅटरीची तपासणी कोण करतो?

कायद्याचीही बाजू आहे. 250 वॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या गाडीला नोंदणीतून सूट आहे. वेग सव्वापट झाला की ही सूट गेली. मे 2022 मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने अशा फेरफार केलेल्या गाड्यांवर कारवाईचे आदेश दिले होते. उद्या अपघात झाला, तर भरपाई कोणाकडे मागणार?

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. पंप घेताना आपण त्यावरची पाटी वाचतो, एचपी विचारतो. गाडी घेताना मात्र दुकानदार रंग आणि हप्ता सांगतो. आमची मागणी साधी आहे. विक्रेत्याने बिलावरच चार गोष्टी लिहून द्याव्यात : मोटारीचे व्होल्ट व वॉट, कंट्रोलरची कमाल मर्यादा, बॅटरीचा प्रकार व पूर्ण भरल्यावरचे व्होल्ट, आणि चार्जरचे व्होल्ट. सरपंचांनी ग्रामसभेत हा विषय घ्यावा. तालुक्याच्या आयटीआयने गावोगावच्या गॅरेजवाल्यांसाठी दोन दिवसांचा वर्ग घ्यावा. पोरं हुशार आहेत, हात चालतो. फक्त मीटर लावून मोजायची सवय नाही.

पेट्रोल परवडत नाही म्हणून ही गाडी दारात आली. शंभर रुपये वाचवायला निघालेल्या माणसाचे घर त्यापायी जळू नये, एवढेच म्हणणे आहे.