शिडी त्याने चढायची, पैसेही त्यानेच भरायचे?

शीळफाट्याला तासभर अडकून पडलं की रस्त्याकडेच्या सगळ्या जाहिराती वाचून होतात. पलावातले फ्लॅट, नीटचे क्लास, आणि हल्ली 'हरित ऊर्जेत करिअर'. हेल्मेट घातलेला हसरा मुलगा, मागे पवनचक्की, खाली मोबाइल नंबर. इथून चाळकेवाडीच्या पवनचक्क्या बघायच्या तर सातारा ओलांडावा लागतो, आणि ब्राह्मणवेलच्या बघायच्या तर धुळे जिल्हा गाठावा लागतो. पण जाहिरात इथे आहे, कारण गिऱ्हाईक इथे आहे. दिवा, मुंब्रा, डोंबिवलीतली आयटीआय झालेली, महाप्याला बारा तासांच्या पाळीत अडकलेली मुलं.

माझं आयुष्य विद्युत देखभालीत गेलं, म्हणून अशी मुलं माझ्याकडे विचारायला येतात. परवा एकाने माहितीपत्रक आणलं. "काका, घेऊ का ॲडमिशन?" फी त्याच्या वडिलांच्या तीन पगारांएवढी. अभ्यासक्रमात प्रथमोपचार, आग विझवणं, वजन उचलण्याची पद्धत, उंचीवरचं काम आणि समुद्रात जीव वाचवणं. ही यादी ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन या जागतिक संस्थेच्या मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणाची. यादी उत्तमच आहे. फक्त भारताच्या समुद्रात अजून एकही पवन प्रकल्प सुरू नाही. गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांसाठी केंद्राने २०२४ साली पैसे मंजूर केले, एवढीच प्रगती. म्हणजे कच्छच्या रणात किंवा गदगच्या माळावर नोकरी करणाऱ्या मुलाने पोहण्याचेही पैसे भरायचे. वर हे प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं, मग पुन्हा उजळणी, पुन्हा फी.

मी त्याला म्हटलं, गेल्या तुकडीतली मुलं कुठे लागली तेवढं विचारून ये. उत्तर आलं, या आठवड्यात फी भरली तर सूट आहे.

पण खरा राग या क्लासवाल्यावर काढण्यात अर्थ नाही. तो पोकळी बघून दुकान टाकतो. पोकळी केली कोणी?

परिषदांमधून एक रडगाणं कायम ऐकू येतं : कुशल मनुष्यबळ मिळत नाही. देशाची पवन क्षमता मार्च २०२५ मध्ये ५० गिगावॅटवर गेली, २०३० पर्यंत १०० करायची म्हणतात, आणि म्हणे माणसं नाहीत! माणसं भरपूर आहेत. ती घडवायचा खर्च उचलायला कोणी नाही. काम काय असतं बघा : ८०-१०० मीटर उंच मनोऱ्यात आतल्या शिडीने हत्यारं घेऊन चढायचं, वरच्या खोलीत वाकून गिअरबॉक्सचं तेल, पात्यांचा कोन फिरवणारी यंत्रणा, ब्रेक तपासायचे, शेकडो बोल्ट ठरलेल्या ताणाला आवळायचे. हे पावसाळ्याआधी उरकावं लागतं, कारण वाऱ्याचा हंगाम जूनपासून. एवढं काम फाट्यावरच्या दुसऱ्या मजल्यावर, पडद्यावर चित्रं दाखवून शिकवता येत नाही. ते चालत्या प्रकल्पावर, जाणत्या माणसाच्या हाताखालीच येतं. आणि प्रकल्प कोणाच्या ताब्यात आहेत? कंपन्यांच्या.

याच धंद्याला सरकारने काय काय दिलं तेही आठवावं. २०१७ च्या एप्रिलपर्यंत पवनचक्कीवर पहिल्या वर्षी ८० टक्के घसारा लावता येत असे. विजेशी ज्यांचा सुतराम संबंध नव्हता अशांनीही कर वाचवायला पवनचक्क्या घेतल्या. यंत्र विकत घेणाऱ्याला सवलत आणि यंत्रावर चढणाऱ्याला फीची पावती, हे कुठलं धोरण?

सुरक्षेचं शिक्षण ही मालकाचीच जबाबदारी आहे, हे काही मी नव्याने सांगत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात ते होतं. त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे, आणि सुरक्षेसाठी केलेल्या कोणत्याही गोष्टीचे पैसे कर्मचाऱ्याकडून घेऊ नयेत असंही तिथे लिहिलंय. मेख 'कर्मचारी' या शब्दात आहे. जाहिरातीत 'प्रमाणपत्रधारकांना प्राधान्य' असं छापलं, की मुलगा कर्मचारी होण्याआधीच खर्च करून मोकळा. कायदा मोडला नाही, पैसेही वाचले. डोंबिवली एमआयडीसीतले २०१६ आणि २०२४ चे स्फोट ज्यांनी घरात बसून ऐकले, त्यांना सुरक्षेत वाचवलेल्या पैशाची किंमत वेगळी सांगायला नको.

यावर कंपन्यांचं ठरलेलं उत्तर : आम्ही शिकवायचं आणि पोरगा दुसरीकडे जायचा. जाईल की! दुसऱ्याने शिकवलेला तुमच्याकडे येईल. हा धंदा मोजक्या बड्या कंपन्यांचा आहे, सामायिक निधी काढणं त्यांना अवघड नाही. शिवाय १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहेच. तीस किंवा जास्त माणसं असतील तिथे शिकाऊ घेणं बंधनकारक, त्यात कंत्राटी माणसंही मोजायची, आणि शिकणाऱ्याला विद्यावेतन द्यायचं. फी घ्यायची नाही, वेतन द्यायचं.

तेव्हा महाराष्ट्रात यापुढे पवन प्रकल्पाला जमीन आणि परवानगी देताना करारात दोन ओळी घालाव्यात. देखभालीच्या कंत्राटदारासकट किती शिकाऊ घेणार त्याचा आकडा, आणि उंचीवरच्या कामाचं प्रमाणपत्र भरतीनंतर, कंपनीच्या खर्चाने. त्या मुलाला मी फी भरू दिलेली नाही. शिकाऊ उमेदवारीचे तीन अर्ज आम्ही दोघांनी बसून भरलेत, त्यातला एक कर्नाटकातला आहे.