रिश्त्याचा फोटो

आर्वीच्या माझ्या भाचीचा रिश्त्यासाठी फोटो काढला. वर्ध्याच्या एका स्टुडिओवाल्याने न विचारताच तिचा रंग उजळला, गालावरचा तीळही पुसला. म्हणाला, "सगळेच करून घेतात." आपा तोच फोटो पाठवायला निघाली. भाची मला म्हणाली, "खाला, ते बघायला येतील तेव्हा कोणाला दाखवणार? हिला की मला?"

स्टुडिओवाल्याला तरी काय बोलायचे! आपल्याकडे १९७५ पासून 'फेअर अँड लव्हली'च्या जाहिरातींनी हेच शिकवले. २०२० मध्ये 'फेअर'चे 'ग्लो' झाले, एवढेच. सावळी व्यक्ती कमनशिबी, दुःखी दाखवू नये, असा जाहिरात क्षेत्राच्या स्वनियामक संस्थेचा नियम २०१४ पासून आहे. फ्रान्समध्ये मॉडेलचा देह संगणकावर बारीक किंवा जाड केला, तर २०१७ पासून जाहिरातीवर तसे छापावे लागते. तेही देहाच्या आकारापुरतेच. आणि रिश्त्याच्या फोटोला तर कुठलाच नियम नाही.

आम्ही परत जाऊन मूळ फोटो मागितला. पैसे पुन्हा मोजावे लागले. आपा घरी येईपर्यंत बोलली नाही, पण पाठवला तोच, तिळासकट. तिकडून अजून उत्तर नाही. भाची बी.एड.च्या अभ्यासाला लागली आहे.