घरची मोटार : स्पार्क प्लग

सूरजागडच्या लोहखनिजाची तांबडी धूळ एटापल्ली-आलापल्ली रस्त्यावरील मोटारींच्या बॉनेटखालींहि शिरते. १९८३ ते २०१४ पर्यंत निघालेल्या मारुती ८०० सारख्या लहान गाडीचे तिन्ही प्लग घरीं बदलतां येतात. परंतु तिकडील वाचकांनीं प्लग काढण्यापूर्वीं त्याच्या बुडाची धूळ सायकलीच्या पंपानें उडवावी, हें आम्ही मुख्य काम समजतों. ती राहिल्यास कण सिलिंडरांत पडून त्याच्या भिंतीस ओरखडतात. इंजिन थंड असावें. वायर एका वेळीं एकच काढावी, म्हणजे क्रम चुकत नाहीं. नवा प्लग प्रथम बोटांनींच फिरवावा. पान्याची घाई नडते. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले कीं गाडी ओढूनच न्यावी लागते! जुन्या प्लगचें टोंक काजळलेलें दिसल्यास मात्र हवेची गाळणी आधीं पाहावी. बहुधा तीच तुंबलेली असते.