संकरित मांजराचं पिल्लू : उंची पाहावी की स्वभाव?



परदेशी असलेल्या लेकी-सुनांकडून हल्ली जे फोटो येतात, त्यांत ठिपकेवाली, लांब पायांची, थेट छोट्या चित्त्यासारखी दिसणारी मांजरं दिसू लागली आहेत. एका वाचक भगिनीची लेक अमेरिकेत असते. असं पिल्लू घ्यायचं तिच्या घरात चाललं आहे. जावईबापूंना मोठ्यात मोठं हवं, लेकीला गरीब स्वभावाचं. घरात पाच वर्षांची नात आहे. “तुम्हीच सांगा, कोणाचं ऐकावं?” असं भगिनी विचारतात. नात आहे म्हणूनच हा प्रश्न नुसता हौसेचा राहत नाही.

ही मांजरं कुठून आली?

यांत दोन जाती मुख्य. पहिली ‘सव्हाना’. आफ्रिकेतल्या गवताळ रानात सर्व्हल नावाचं उंच, मोठ्या कानांचं रानमांजर असतं. त्याचा पाळीव मांजरीशी संकर होऊन 1986 साली अमेरिकेत पहिलं पिल्लू जन्मलं. दुसरी जात ‘बेंगाल’. आशियातलं ठिपकेदार बिबट मांजर आणि पाळीव मांजर यांच्यापासून ती अमेरिकेतच तयार झाली. नाव बंगालवरून वाटतं खरं, पण ते आलं बिबट मांजराच्या शास्त्रीय नावावरून.

विकणारे लोक एफ-1, एफ-2 अशी भाषा बोलतात. घाबरू नका, आपला जुना आण्यांचा हिशोब लावा. ज्याचा बाप खुद्द रानातला, ते एफ-1. त्यात रानाचं रक्त सोळा आण्यांतलं आठ आणे. पुढे दर पिढीला पाळीव मांजराशी जोडी लावली, तर एफ-2 मध्ये चार आणे, एफ-3 मध्ये दोन आणे, एफ-4 मध्ये एक आणा. हिशोब ढोबळ आहे, पण पिल्लू निवडायला पुरतो.

मोठेपणाची किंमत

सव्हानाचं मोठेपण सर्व्हलकडून येतं. आपलं घरचं मांजर चारेक किलोचं. पहिल्या-दुसऱ्या पिढीचा सव्हाना बोका आठ-दहा किलोपर्यंत भरतो. चौथ्या-पाचव्या पिढीपर्यंत आकार उतरत उतरत साध्या मांजराच्या जवळ येतो. बेंगालचं तसं नाही. बिबट मांजर मुळातच घरच्या मांजराएवढं, त्यामुळे बेंगालमध्ये रानाचं रक्त जास्त मागून आकार काही वाढत नाही, फक्त रानटीपणा वाढतो. ही गोष्ट विकणारा आपण होऊन सांगणार नाही, म्हणून लक्षात ठेवा.

आणि गंमत अशी की, ज्या आण्यांबरोबर उंची येते, त्याच आण्यांबरोबर स्वभावही येतो. पहिल्या पिढ्यांतली मांजरं बहुधा घरातल्या एक-दोन माणसांनाच आपलं मानतात. पाहुणे आले की कपाटाच्या डोक्यावर जाऊन बसतात. दीड-दोन मीटर उंच उडी म्हणजे त्यांना काहीच नाही, तेव्हा फळीवरचे डबे, देव्हारा, माशांची पेटी सगळंच त्यांच्या टप्प्यात. काही मांजरं गादीवर, पडद्यावर मूत्राचा फवारा मारतात. तो वास निघता निघत नाही, आणि याच कारणानं पुष्कळ मांजरं शेवटी अनाथ प्राण्यांच्या आश्रयाला जातात. बोका वांझ आहे, मग नसबंदी कशाला, असंही समजू नका. सव्हानाच्या पहिल्या पिढ्यांतले बोके बहुधा वांझच असतात, तरी फवाऱ्याची खोड त्यांना असतेच.

स्थळ पाहताना मुलाची उंची आपण आधी विचारतो, संसार मात्र स्वभावाशी करावा लागतो. इथेही तेच. मांजराचा संसार पंधरा-वीस वर्षांचा, बरं का!

कायद्याचंही पाहा

न्यूयॉर्क राज्यात पाचव्या पिढीच्या आतला सव्हाना ठेवता येत नाही, आणि न्यूयॉर्क शहरात तर कुठल्याच पिढीचा चालत नाही. जॉर्जिया राज्यातही बंदी आहे. इंग्लंडमध्ये पहिल्या पिढीसाठी परवाना लागतो. ऑस्ट्रेलियाने सव्हानाला 2008 सालीच दार बंद केलं. म्हणून पिल्लाला बयाणा देण्याआधी आपल्या राज्याचा आणि गावाचा नियम विचारावा. आणखी एक : रानटी जनावराच्या संकरातून झालेल्या प्राण्यांसाठी रेबीजची खास मंजूर लस अमेरिकेत नाही. अशा मांजरानं शेजारच्या मुलाला ओरखडलं किंवा चावलं, तर घरावर केवढं संकट येईल, विचार करा.

पिल्लू पाहायला जाल तेव्हा

1. पिल्लाची आई पाहायला मागा. आई माणसाला पाहून फिसकारत असेल, तर पिल्लू कितीही गोंडस असलं तरी परत फिरा.

2. पिल्लं पहिल्यापासून घरात, माणसांत वाढली की पिंजऱ्यात, हे विचारा. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसाच्या हाताची सवय लागते. ही वेळ निघून गेली की मग कठीण.

3. बारा आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. आईजवळ राहूनच ते चावा किती जोरात घ्यायचा, हे शिकतं.

4. जमिनीवर बसा, दोरी हलवा. खेळायला येतं का? मग किल्ल्यांचा जुडगा खाली टाका. दचकून पळालेलं पिल्लू थोड्या वेळात चौकशीला परत आलं, तर ते चांगलं. कोपऱ्यात दडून बसणारं नको आणि हाताला नखं लावून लोंबणारंही नको.

5. एकदा पाहून ठरवू नका. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वेळी जा, आणि नातीलाही न्या.

6. बेंगाल असेल तर डोळ्यांच्या आणि रक्ताच्या आनुवंशिक रोगांची तपासणी आई-बापांची झाली आहे का, तो कागद मागा. ‘आमच्याकडे तसलं काही नसतं’ हे उत्तर चालणार नाही.

मग या भगिनीला काय सांगू? लहान मूल असलेल्या घरात चौथ्या पिढीच्या आतलं पिल्लू नको. घ्यायचंच तर पाचव्या पिढीचं, माणसात रमणारं घ्यावं. जावईबापूंना मोठंच मांजर हवं असेल, तर ‘मेन कून’ नावाची जात पाहावी. तिचे बोके सहा-आठ किलोंचे होतात, अंगात रानाचं रक्त नाही आणि स्वभाव शांत. फक्त तिच्यात हृदयविकार आढळतो, तेव्हा त्याची तपासणी विचारावी. म्हणजे दोघांचंही मन राहील.

जाता जाता इकडचंही सांगते. ऊसतोडणीच्या दिवसांत फडात रानमांजराची पिल्लं सापडतात आणि कोणी हौसेनं ती घरी आणतं. तसं मुळीच करू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती संरक्षित आहेत, पाळणं हा गुन्हा आहे. पिल्लं जिथं दिसली तिथंच राहू द्यावीत, हात न लावता दूर व्हावं आणि वन खात्याला कळवावं. बहुतेक वेळा त्यांची आई रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. मुंबई-पुण्यात ‘बेंगाल’ म्हणून विकायला असलेल्या पिल्लांच्या बाबतीतही वरचे सहा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे हातावर ठेवू नका.