विश्लेषण : ओपन किचनसाठी फ्लॅटमधली भिंत पाडता येते का?

मुंबई-पुण्यात टू बीएचके घेणाऱ्या अनेक तरुण जोडप्यांची इंटिरियर डिझायनरकडे पहिली मागणी ठरलेली असते : हॉल आणि किचनमधली भिंत काढा. स्वयंपाक करताना रांगणारं मूल डोळ्यांसमोर राहावं, घरात उजेड खेळावा, घर मोठं वाटावं. मागणी साधी आहे, पण तिचं उत्तर इमारत कशी बांधली आहे यावर ठरतं.

कोणती भिंत काढता येते?

जुन्या लोडबेअरिंग इमारतींत छताचा भार भिंतीच पेलतात. कॉलम-बीमच्या आरसीसी इमारतीत तो भार सांगाड्यावर असतो. मधली विटांची किंवा ब्लॉकची भिंत बहुधा निव्वळ आडोसा असते. अलीकडच्या अनेक टॉवरमध्ये मात्र 'मायवन' पद्धत वापरली जाते. यात अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात. त्यामुळे पातळ दिसणारी भिंतही भार पेलत असू शकते.

परवानगी लागते का?

हो. महारेराच्या नमुना करारातच अट आहे की बिल्डर किंवा सोसायटीच्या लेखी परवानगीशिवाय कॉलम, बीम, भिंती, स्लॅब यांची फोडाफोड करू नये. रेरा कायदा, २०१६ च्या कलम १४ नुसार ताब्यानंतर ५ वर्षांत आढळलेला बांधकामातला दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पण मालकानेच भिंत फोडली असेल, तर दोष कुणाचा यावर वाद होऊ शकतो. म्हणून आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरचा लेखी सल्ला, मग परवानगी, शेवटी हातोडा.

जागा किती वाढते?

१० फूट लांब आणि ४ इंच जाड भिंत काढली, तर जेमतेम ३.३ चौरस फूट. ही जागा रेराच्या कार्पेट एरियात आधीच धरलेली असते, म्हणजे तिचे पैसे दिलेलेच असतात. खरा फायदा होतो तो उजेडाचा आणि नजर पोहोचण्याचा.

तोटे काय?

फोडणीचा धूर आणि तेलकटपणा सोफ्यापर्यंत जातो. डक्ट नसलेली चिमणी हवा गाळून घरातच सोडते, त्यामुळे बाहेर जाणारा डक्ट हवा. शिवाय मूल नजरेसमोर असलं, तरी त्याच्या आणि शेगडीच्या मध्ये दार उरत नाही. सरकती काच किंवा कमरेएवढी भिंत हा मधला मार्ग ठरतो.

भिंत काढता येत नसेल तर?

किचनच्या दारातून दिसेल अशी खेळण्याची जागा, बुटकं फर्निचर, फिकट रंग आणि २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर दिवे यांनीही घर मोकळं आणि उबदार वाटतं.

बुकिंग करतानाच बिल्डरला विचारा : इमारत मायवनची आहे का, कोणत्या भिंती भार घेतात? मंजूर आराखडे आणि तपशील मागण्याचा हक्क रेराच्या कलम १९ ने ग्राहकाला दिला आहे. हे चावी हातात आल्यावर कळलं, तर घराचं ठरवलेलं चित्र बदलावं लागतं.